सायकलस्वाराला धडक बसल्यानंतर

मोटारीची सायकलीला धडक बसली की पाच मिनिटांच्या आत रस्त्यावर एक न्यायालय भरते. न्यायाधीश असतात येणारे-जाणारे, साक्षीदारही तेच आणि शिक्षेची अंमलबजावणी करणारेही तेच. चालक साधासुधा दिसला तर त्याला दोन-चार थपडा बसतात. मोटार मोठी असली तर आवाज आपोआप खाली येतो आणि कुणी वडीलधारा पुढे होऊन 'जाऊ द्या, मिटवून टाका' असा निवाडा देतो. खिशातून दोन-तीन नोटा निघतात, त्या सायकलस्वाराच्या हातात कोंबल्या जातात, वाकडे झालेले चाक पायाने सरळ केले जाते आणि वाहतूक पूर्ववत सुरू होते. ज्याच्या डोक्याला मार बसला त्याला डॉक्टरकडे कोण नेणार आणि धडक देणाऱ्या वाहनाचा क्रमांक काय होता, हे दोन प्रश्न या न्यायदानात बहुधा कुणी विचारीत नाही. वस्तुतः पुढचे जवळजवळ सर्व काही या दोन प्रश्नांच्या उत्तरांवर अवलंबून असते.

पुण्याला सायकलींचे शहर म्हणण्याचे दिवस केव्हाच मागे पडले. कारकून, शिक्षक, प्राध्यापक हे सारे सायकलीवरून स्कूटरवर आणि स्कूटरवरून मोटारीत गेले. सायकलीवर उरले ते वर्तमानपत्रे टाकणारी मुले, रात्रपाळीचे पहारेकरी, बांधकामावरचे मजूर, दूध घालणारे आणि शाळकरी विद्यार्थी. अलीकडे शिरस्त्राण घालून पहाटे व्यायामासाठी निघणाऱ्या हौशी मंडळींची त्यांत भर पडली आहे. परंतु संख्येने ती थोडी. मागास तालुक्यांतील मुलींना शाळेत जाण्यासाठी राज्य सरकार मानव विकास कार्यक्रमातून सायकलीसाठी पैसे देते. योजना चांगलीच आहे. मात्र ज्या रस्त्यावरून ती मुलगी शाळेला जाणार त्या रस्त्याला बाजूपट्टी आहे की नाही, हे पाहण्याचे काम दुसऱ्या खात्याचे असते!

केंद्र सरकारच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशातील रस्ते-अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मरण पावली. त्यांत सायकलस्वारांचा वाटा सुमारे तीन टक्के, म्हणजे पाच हजारांच्या आसपास होता. हा आकडा मृतांचा. रस्त्यावरच मिटवून घरी गेलेल्या आणि दुसऱ्या दिवशी अंथरुणावरून उठू न शकलेल्या माणसाची नोंद कोणत्याच रकान्यात होत नाही.

पहिला तास हा सर्वस्वी जखमी माणसाचा असतो. मागून येणारी वाहने थांबविणे हे पहिले काम, कारण पडलेल्या माणसाला दुसऱ्या वाहनाने चिरडल्याची उदाहरणे थोडी नाहीत. त्याला हाताला धरून उभे करण्याची घाई करू नये. मानेला किंवा पाठीच्या कण्याला इजा झाली असेल तर हीच घाई त्याला जन्माचा पांगळा करू शकते. वाहत्या जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे. पाणी पाजण्याची आपल्याकडे फार आवड आहे. पण शुद्ध हरपत चाललेल्या माणसाच्या श्वासनलिकेत ते पाणी जाऊ शकते आणि शस्त्रक्रिया करावी लागली तर भरलेले पोट अडचणीचे ठरते. पाणी नको, चहा तर नकोच. १०८ या क्रमांकावर महाराष्ट्रात रुग्णवाहिका विनामूल्य येते. ११२ वर पोलीस येतात. हे दोन दूरध्वनी होईपर्यंत चालकाशी वाद घालण्याचे काहीही कारण नाही.

डोक्याचा मार फसवा असतो. सायकलस्वार उठतो, कपडे झटकतो, 'काही झाले नाही' म्हणतो, सायकल हाती धरून चालूही लागतो. कवटीच्या आत रक्तस्राव होत असेल तर तो काही तास असाच शुद्धीवर राहू शकतो आणि मग त्याला ओकारी होते, गुंगी येते, बोलणे अडखळते. म्हणून डोके आपटलेल्या माणसाला त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवणे आणि पुढचे चोवीस तास एकटे न सोडणे आवश्यक असते. 'काही झाले नाही' हे वाक्य वैद्यकीय निदान नव्हे. पुष्कळदा ते केवळ भिडस्तपणाचे वाक्य असते: कामावर खाडा पडेल, घरचे रागावतील, मोटारवाल्या साहेबांना उगाच त्रास होईल!

रुग्णालयात गेल्यावर 'ही पोलीस केस आहे, आधी ठाण्यात जा' हे उत्तर एके काळी सर्रास मिळत असे. त्याचा निकाल १९८९ साली लागला. एका भरधाव मोटारीने स्कूटरस्वाराला उडविले. एका सज्जनाने त्याला जवळच्या रुग्णालयात नेले. तेथील डॉक्टरांनी पोलीस प्रकरणे हाताळण्याचा अधिकार असलेल्या वीस किलोमीटर दूरच्या रुग्णालयाची वाट दाखविली आणि तो वाटेतच मरण पावला. ही बातमी वाचून परमानंद कटारा सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने निःसंदिग्ध शब्दांत सांगितले की, जीव वाचविणे हे सरकारी असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टरचे पहिले कर्तव्य आहे. पोलिसांचे सोपस्कार त्यानंतरचे. जखमीला घेऊन येणाऱ्या त्रयस्थाचे हाल मात्र पुढेही चालूच राहिले. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या संरक्षणाच्या नियमांना बंधनकारक स्वरूप दिले आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आले. अशा माणसाला स्वतःचे नाव-गाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. साक्षीदार होणे हेही त्याच्या इच्छेवर आहे. मे २०२५ पासून केंद्राची एक योजनाही लागू झाली आहे. नियुक्त रुग्णालयांत अपघाताच्या दिवसापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत, जखमीला रोख पैसे न भरता उपचार मिळण्याची तीत तरतूद आहे. रुग्णालयाच्या खिडकीवर हे ठामपणे सांगणारा एक शिकलेला माणूस सोबत असला तर मोठा फरक पडतो.

आता चालकाकडे वळू. तो काही वेगळ्या जातीचा प्राणी नव्हे. या ओळी वाचणाऱ्यांपैकीच एखादा तो असू शकतो. मोटार वाहन कायद्याचे १३४ वे कलम त्याला थांबण्यास, जखमीला जवळच्या वैद्यकीय मदतीपर्यंत पोहोचविण्यास, आणि जागेवर पोलीस नसतील तर शक्य तितक्या लवकर व चोवीस तासांच्या आत ठाण्यात खबर देण्यास सांगते. विमा कंपनीलाही त्याने कळवावयाचे असते. या कलमात एक अपवाद आहे आणि तो आपल्या समाजाविषयी बरेच काही सांगतो. जमावाच्या प्रक्षोभामुळे किंवा आपल्या आवाक्याबाहेरच्या अन्य कारणामुळे जखमीला नेणे शक्य नसेल तर चालकाला या कर्तव्यातून सूट मिळते. म्हणजे चालकाला झोडपणारा जमाव कायद्यानेच गृहीत धरला आहे! थपडा मारणाऱ्यांना वाटते की आपण सायकलस्वाराची बाजू घेतली. वास्तविक, थांबलो तर मार खावा लागेल आणि पळालो तर कदाचित सुटू, असा हिशेब ते पुढच्या प्रत्येक चालकाला शिकवीत असतात. तो पळाला की सर्वांत मोठे नुकसान होते ते सायकलस्वाराचेच.

कायद्यानेही या हिशेबाचे पारडे फिरविण्याचा प्रयत्न केला. भारतीय न्याय संहितेच्या १०६ व्या कलमाने निष्काळजीपणाने मृत्यू घडविल्यास पाच वर्षांपर्यंत कैद ठेवली आणि खबर न देता पळून जाणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत. जानेवारी २०२४ मध्ये मालमोटारींच्या चालकांनी देशभर संप केला, पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या आणि १ जुलै २०२४ रोजी संहिता अंमलात आली तेव्हा दहा वर्षांचे ते पोटकलम बाजूला ठेवूनच आली. चालकांची भीती जमावाची होती आणि ती अगदीच खोटी नव्हती.

आणखी एक भीती मात्र अज्ञानातून येते. आपण थांबलो, चूक कबूल केली, तर आयुष्यभराची पुंजी भरपाईत जाईल, असे मोटार चालविणाऱ्या मध्यमवर्गीयाला वाटते. पण दर वर्षी तो सक्तीने जो तृतीय पक्षाचा विमा उतरवितो तो याचसाठी असतो. विम्याचे कागद आणि परवाना ठीक असतील तर त्रयस्थाच्या मृत्यूची किंवा इजेची भरपाई विमा कंपनी देते आणि अशा भरपाईला रकमेची वरची मर्यादा नसते. पोलिसांत खबर दिल्याने विमा कंपनीची जबाबदारी सुरू होते. रस्त्यावर पाचशे रुपये दिल्याने कुणाचीच सुरू होत नाही. सायकलस्वारापाशी यांतले काहीच नसते. त्याच्या वाहनाला क्रमांक नाही, विमा नाही; जो पत्रा मोटारीचे रक्षण करतो त्याच्या जागी त्याचे स्वतःचे हाडामांसाचे शरीर असते.

यानंतर येतो क्रमांकाचा प्रश्न. त्याचे मोल रुपयांत सांगितल्याखेरीज ते कुणाच्या ध्यानात येत नाही. तेव्हा एक हिशेब मांडून पाहू. समजा, अडतीस वर्षांचा एक माणूस खासगी कचेरीत काम करतो, महिन्याला वीस हजार रुपये मिळवतो, आणि पत्नी, दोन मुले व आई अशी चार माणसे त्याच्यावर अवलंबून आहेत. सायकलीवरून घरी परतताना मोटारीच्या धडकेने त्याचा मृत्यू झाला. सर्वोच्च न्यायालयाने २००९ आणि २०१७ च्या निकालांत भरपाई मोजण्याची जी रीत घालून दिली आहे, तिच्याप्रमाणे कायम नोकरी नसलेल्या चाळिशीच्या आतल्या माणसाच्या उत्पन्नात भावी वाढीसाठी चाळीस टक्के मिळवतात. वीस हजारांचे झाले अठ्ठावीस हजार. वर्षाचे तीन लाख छत्तीस हजार. चार अवलंबित असल्याने त्याचा स्वतःचा खर्च म्हणून एक चतुर्थांश वजा जाता दोन लाख बावन्न हजार उरतात. छत्तीस ते चाळीस या वयोगटाचा गुणक पंधरा. गुणाकार होतो सदतीस लाख ऐंशी हजार. अंत्यसंस्कार, सहवासाची हानी वगैरेंच्या ठरावीक रकमा वेगळ्या. चालकाची चूक सिद्ध करण्याच्या भानगडीत न पडता १६४ व्या कलमाचा मार्ग धरला तर पाच लाख मिळतात. आणि मोटारीचा पत्ताच लागला नाही तर? तर केंद्राच्या योजनेतून दोन लाख. ही रक्कमही २०२२ पासूनची. त्यापूर्वी ती अवघी पंचवीस हजार होती.

सदतीस लाख ऐंशी हजार आणि दोन लाख यांच्यामधले अंतर म्हणजे त्या धातूच्या पट्टीवरची दहा-बारा अक्षरे व अंक. पडलेल्या सायकलस्वाराला ते वाचता येत नाहीत. ते वाचण्याचे काम पानाच्या टपरीवर उभ्या असलेल्या माणसाचे, शाळेतून परतणाऱ्या मुलाचे, बसच्या थांब्यावरल्या कारकुनाचे असते. संपूर्ण क्रमांक नाही मिळाला तरी शेवटचे चार अंक, गाडीचा रंग, कोणत्या बाजूचा दिवा फुटला एवढे टिपले तरी पोलिसांना माग लागू शकतो. हल्ली प्रत्येकाच्या खिशात छायाचित्रे घेणारा मोबाईल असतो. तो जखमीच्या रक्ताळलेल्या चेहऱ्यावर रोखण्याऐवजी मोटारीच्या मागच्या पट्टीवर रोखला तर त्या कुटुंबावर उपकार होतील.

वाहन सापडलेच नाही, तरी ते दोन लाख, किंवा गंभीर दुखापतीचे पन्नास हजार, मागण्याचा हक्क उरतोच. अर्ज प्रांताधिकारी किंवा तहसीलदार यांच्याकडे करावयाचा असतो, मंजुरी जिल्हाधिकारी देतात. २०२२ मध्ये देशात धडक देऊन पळून गेल्याचे ६७ हजारांहून अधिक अपघात नोंदले गेले आणि त्यांत ३० हजारांवर माणसे मेली. २०२२-२३ या वर्षात या योजनेखाली आलेले अर्ज होते २०५! निकाली निघाले त्यांपैकी ९५. हे आकडे जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आले तेव्हा न्यायालयाने आदेश दिला की, महिनाभरात वाहनाचा तपास लागला नाही तर ठाण्याच्या प्रमुखाने जखमीला किंवा मृताच्या वारसांना या योजनेची माहिती लेखी द्यावी. अर्थशास्त्रात मागणी आणि गरज यांत भेद करतात. हक्क माहीत नसलेल्या माणसाची गरज ही मागणी होतच नाही, आणि सरकारी तिजोरीला त्याचे दुःखही होत नाही.

रस्त्यावरची तडजोड हाही एक प्रकारचा बाजारच आहे. विकणाऱ्याला आपल्या मालाची किंमत ठाऊक नाही, घेणाऱ्याला ती पुरती ठाऊक नसली तरी अंदाज आहे, आणि सौदा दहा मिनिटांत उरकायचा आहे. पाचशे रुपयांत सायकलीचे चाक सरळ होते. खुब्याचे हाड मोडले असेल तर शस्त्रक्रिया, तीन महिन्यांची बिनपगारी रजा, आणि नंतर जिना न चढता येणे, यांची किंमत त्या पाचशे रुपयांत धरलेली नसते. कागदावर 'माझी काही तक्रार नाही' असे लिहून घेणारे महाभागही भेटतात. अशा कागदावर सही करण्याची कसलीही सक्ती नाही आणि ती न केल्याने माणुसकीला बाध येत नाही. धडक दिलेल्या चालकाने सद्भावनेने रुग्णालयाचा खर्च केला तर तो अवश्य घ्यावा. पण त्यापायी फिर्याद नोंदवण्याचे टाळू नये.

फिर्यादीविषयी थोडे. हद्दीचे कारण सांगून ठाण्याला ती नाकारता येत नाही. दुसऱ्या हद्दीतला गुन्हा असला तरी नोंदवून घेऊन तो तिकडे पाठवावयाचा असतो. फिर्यादीची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळते. पंचनामा होईपर्यंत सायकल दुरुस्तीला टाकू नये. मागचे चाक चेपले की पुढचे, एवढ्यावरून धडक कोणत्या दिशेने बसली हे सांगता येते, आणि मुक्या सायकलीची ही साक्ष पुष्कळदा बोलक्या साक्षीदारांहून भरवशाची असते. २०२२ च्या नियमांप्रमाणे पोलिसांनी अठ्ठेचाळीस तासांत पहिला अपघात अहवाल आणि नव्वद दिवसांत सविस्तर अहवाल दावा न्यायाधिकरणाकडे पाठवावा लागतो. जखमीला त्याच्या हक्कांची माहिती देणारा नमुनाही द्यावा लागतो. पोलिसांकडून आलेला अहवाल हाच भरपाईचा अर्ज समजण्याची तरतूद कायद्यात आहे. तरीही शहाणा माणूस त्यावर विसंबून राहात नाही. भरपाईचा अर्ज अपघातापासून सहा महिन्यांच्या आत करावा, अशी अट २०२२ पासून लागू आहे. तिच्या वैधतेविषयी न्यायालयात वाद झाले आहेत. पण त्या वादाच्या भरवशावर आपला दावा टांगणीला लावण्यात अर्थ नाही. अर्ज अपघाताच्याच गावी करावा लागतो असे नव्हे. दावेदार राहतो त्या जिल्ह्यातही तो करता येतो. मुलाचा अपघात पुण्यात झाला म्हणून नांदेडच्या आईबापांना हेलपाटे घालण्याचे कारण नाही.

न्यायाधिकरणात विमा कंपनीचा वकील एक प्रश्न हमखास विचारतो: सायकलीला मागे दिवा होता का? नसेल, किंवा सायकल उलट्या बाजूने येत असेल, तर सायकलस्वाराचीही अंशतः चूक धरून भरपाईतून तेवढा हिस्सा कापला जातो. तत्त्व म्हणून यात गैर काही नाही. पण दीड टनाचे यंत्र आणि पंधरा किलोंची सायकल यांना एकाच तराजूत तोलणे न्याय्य आहे काय? नेदरलँड्समध्ये कायद्याने या प्रश्नाचे उत्तर निराळे दिले आहे. तेथे मोटारीने सायकलस्वाराला धडक दिली तर आपण निर्दोष होतो हे सिद्ध करण्याचा भार मोटारवाल्यावर असतो; सायकलस्वाराची चूक असली तरी सर्वसाधारणपणे निम्मे नुकसान मोटारीच्या बाजूने सोसावे लागते आणि चौदा वर्षांखालील मुलाच्या बाबतीत बहुधा सगळेच. जो धोका निर्माण करतो त्याने त्याची किंमत मोजावी, असा त्यामागचा विचार आहे. पिगू या अर्थशास्त्रज्ञाने १९२० साली सामाजिक खर्चाविषयी जे मांडले त्याहून तो फार दूरचा नाही. आपल्याकडे १६४ वे कलम या दिशेने एक पाऊल टाकते, पण पाच लाखांवर थांबते.

तोवर हाती उरतात ते कागद. रुग्णालयाची दाखल झाल्याची नोंद, जखमांचा दाखला, औषधांची प्रत्येक पावती, रिक्षाचे भाडे, रजेचा अर्ज. नोकरदाराला वेतनाचा दाखला मिळतो. वर्तमानपत्रे टाकणाऱ्या मुलाला तो कोण देणार? त्याच्यासाठी विक्रेत्याने सही करून दिलेली चिठ्ठी, घराघरांतून महिन्याच्या शेवटी मिळणाऱ्या पैशांची वही, बँकेच्या पुस्तकातल्या लहानसहान नोंदी हाच पुरावा. घरकाम करणाऱ्या गृहिणीच्या श्रमालाही उत्पन्न मानून भरपाई द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितले आहे. तेव्हा सकाळच्या पेपरवाल्याच्या कमाईलाही न्यायाधिकरणात मोल मिळू शकते. पण ती कमाई कागदावर आणून दाखवावी लागते, आणि ज्यांच्या दारात तो रोज पेपर टाकतो त्यांपैकी दोघांनी-चौघांनी तेवढ्यापुरती एक ओळ लिहून खाली सही केली तर ते काम एका संध्याकाळी होते.